सात नंबरची रजा

अहो, हसताय काय! स्ट्रेचरचं पुढचं डावं चाक उजवीकडे पळतं, हे मला माहीत असायची काही गरज? मी शाळेत चित्रकला शिकवतो हो! पण तुम्हाला सांगतो, त्या सरकारी दवाखान्यातलं चाक न् चाक आता माझ्या ओळखीचं आहे... झालं काय, आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, नेलं दवाखान्यात, तर दाराशीच पाटी, 'देश आर्थिक अडचणीत आहे, सहकार्य करा.' म्हटलं करू की, आपल्या बापाचं काय जातं!

वॉर्डात चाळीस खाटा, अण्णांची सात नंबरची, आणि सिस्टर एक. मी विचारलं, "वॉर्डबॉय कुठे आहेत?" "पदं गोठवलीत." "मग एक्स-रेला कोण नेणार?" चष्म्यावरून बघत म्हणतात, "हात आहेत ना तुम्हाला? देश अडचणीत आहे, सहकार्य करा." ओढलं स्ट्रेचर! अण्णा कळवळताहेत, "अरे हळू, माणूस आहे वर!" परत येतोय तोच आठ नंबरचे आजोबा, "बाळा, जाता जाता मलाही सोड रे." सोडलं. मग नऊ नंबर, मग दहा... चौथ्या दिवशी बघतो तर भिंतीवर ड्युटीचा तक्ता आणि त्यात मी! नाव नाही हं, नुसतं 'सात नंबरचा मुलगा, स्ट्रेचर, आठ ते दोन'! तणतणत गेलो तक्रारखिडकीवर, तर आत कोण? एका पेशंटची बायको! म्हणते, "ओरडू नका भाऊ, मीही तक्रार करायलाच आले होते. देश अडचणीत आहे..." म्हटलं कळलं, सहकार्य करतो!

बरं, भूल देणारे डॉक्टर तीन दवाखान्यांत मिळून एकच. आमच्याकडे फक्त मंगळवारी, दहा ते अकरा. तीन मंगळवार गेल्यावर अण्णांचा नंबर लागला. आदल्या दिवशी अण्णांनी माझा हात धरला... आयुष्यात कुणाला न घाबरलेला माणूस हो, हळूच म्हणाला, "उद्या जवळ बस रे." तडक सिस्टरकडे गेलो, "उद्या मी कुणाला ओढणार नाही, उद्या मी फक्त मुलगा!" "अर्ज द्या." दिला! मंजूर! वर शिक्का!

मंगळवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो अण्णांचा हात धरून. दहा वाजले. सव्वादहा... साडेदहा... अण्णा म्हणतात, "अरे, कुणी येईना?" मी म्हणतो, "येतील हो, सरकारी काम आहे." अकरा वाजता सर्जन तरातरा आले, "पेशंट कुठे आहे? भूलवाले वाट बघून गेले पुढच्या दवाखान्यात! ऑपरेशन रद्द!" मी उसळलो! म्हटलं, न्यायला माणूस पाठवायला नको? कोण तो हलगर्जी, आणा त्याला माझ्यासमोर! सिस्टरनी शांतपणे तक्ता दाखवला. "स्ट्रेचरवाला आज रजेवर आहे."

"अहो, पण रजा मंजूर केलीत, मग बदली माणूस?"

"बदलीची पदंही गोठवलीत. तुम्हाला रोजचा रस्ता माहीत, आम्हाला वाटलं न्याल..."

दोष कुणाला देणार? खाटेपाशी आलो, मान वर होईना. अण्णांनी आठवडाभर पुन्हा तेच हाड घेऊन पडायचं, माझ्यामुळे! अण्णांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "पुढच्या मंगळवारी जवळ बसू नकोस हो, बाळा. ड्युटीवर जा."