समुद्राखालचा कप्तान आणि खरडचा फ्लॅट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष कर्नल हर्षवर्धन इंगवले, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती विनयाताई, चंदीगडच्या आपल्या मराठी मंडळाच्या चिटणीस मंजुषाताई, आईला न्यायला पुण्याहून आलेला शंतनू, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतले ताईंचे सहकारी, आणि या धुक्यात स्वेटरवर स्वेटर चढवून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. ते फौजेतले, त्यांच्या लेखी थोडक्यात म्हणजे थोडक्यातच. मी मात्र शाळेत कविता चालीवर म्हणत वाढलेला माणूस. एकदा कडवं सुरू झालं की ध्रुपदाला आल्याशिवाय मला थांबता येत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

तर निरोपाच्या भाषणाला एक गोष्ट आधी पक्की लागते. ज्यांना निरोप द्यायचा, ते जाणार असले पाहिजेत. आज तिथेच थोडी गडबड आहे. विनयाताईंनी जायचं अजून ठरवलेलंच नाही.

मंजुषाताई, घाबरू नका, जेवण होणार आहे.

झालं असं. ताई प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या आणि मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी एकच ओळ लिहिली, की या महिन्यात क्वार्टर सोडते आहे, कुणाला कुंड्या हव्यात का? बस्स. आता आपली ही मंडळी कशी? कुणी फौजेत, कुणी हवाई दलात, कुणी मोठ्या इस्पितळात. इथे क्वार्टर सुटलं म्हणजे शहर सुटलं, हा आपला अनुभव. त्यामुळे कुंड्या कुणी मागितल्याच नाहीत. दुपारपर्यंत हॉल ठरला, संध्याकाळपर्यंत शाल आली, आणि रात्री कर्नलसाहेबांनी शंतनूला पुण्याला फोन करून सांगितलं की आईचा निरोप दणक्यात करतो, तू नक्की ये. त्यानेही बिचाऱ्याने आनंदाने तिकडची खोली रंगवून घेतली. तुम्ही खरंच जाणार का, हे ताईंना विचारायचं तेवढं सगळ्यांकडून राहून गेलं. आणि ताई इतक्या भिडस्त की एवढी धावपळ पाहून त्यांना ‘थांबा’ म्हणवेना.

मग मी काय करावं? परवा त्यांच्या कार्याची माहिती घ्यायला गेलो. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “सर, मी इथे जवळच खरडला दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय. मला इथेच राहायचंय. शंतनूला तुम्ही समजावाल का?” मी हो म्हटलं. काल शंतनू आला आणि मला स्कूटरवरून घरी सोडताना म्हणाला, “काका, आईला आप ही समझाओ ना. तुमचं ऐकते ती.” त्यालाही मी हो म्हटलं. तेव्हा मंडळी, वकील एक आणि अशिलं दोन, अशा अवस्थेत मी आपल्यापुढे उभा आहे. दोघांनाही सांगून टाकलंय की जे बोलायचं ते भर सभेत बोलेन. दोघंही चालेल म्हणाले. बहुधा दोघांनाही वाटतंय की मी त्यांच्याच बाजूचा आहे.

आता मी वळतो समुद्राकडे. हसू नका, चंदीगडात समुद्र कुठला म्हणून. गेलं वर्षभर दर शनिवारी आपण सगळे समुद्राच्या तळाशीच तर होतो. विनयाताईंच्या वाचनवर्गात ‘कासवीची सफर’ ही जुनी कादंबरी आपण प्रकरणाप्रकरणाने मोठ्याने वाचली. जे कधी आले नाहीत, त्यांच्यासाठी चार शब्दांत सांगतो. कप्तान मार्तंडराव नावाचा एक कोकणी माणूस कासवाच्या आकाराची पाणबुडी बांधतो, तिचं नाव कासवी, आणि समुद्राखाली राहायला जातो. परत येत नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. ते त्याच्या पुतणीला, रेवतीला, पाणबुड्याचा पोशाख चढवून त्याला आणायला पाठवतात. सोबतीला धर्मा तांडेल, म्हणजे होडीवरचा अनुभवी म्होरक्या. पुढची सगळी कादंबरी म्हणजे पुतणी काकाला ‘चला’ म्हणते आणि काका पुतणीला समुद्र दाखवतो.

अहो, काय दाखवतो! मी बार्शीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, तेही उन्हाळ्यात तळाला गेलेलं. सातवीत असताना ही कादंबरी हातात पडली आणि मी घरच्या हौदात डोकं बुडवून डोळे उघडे ठेवायला शिकलो. दिसायचं ते शेवाळ आणि एक गंजलेली बादली. पण मला त्यात पोवळ्यांचं रान दिसायचं, बुडालेली गलबतं दिसायची, पिल्लाला पोटाशी घेऊन जाणारी देवमाशीण दिसायची. आईने कान धरून बाहेर काढलं तेव्हा मी आठ दिवस शिंकत होतो. आज या वयात तीच पानं शनिवारी पुन्हा ऐकताना, खोटं कशाला सांगू, कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं.

पण सातवीतल्या मुलाला माणसं कुठे कळतात? माणसं कळली ती इथे, आपल्या भांडणांतून. अध्यक्ष महाराज, आठवतंय ना? आपण पहिल्याच महिन्यात निकाल देऊन मोकळे झालात की मार्तंडराव हा पळपुटा आहे, रजा संपली की माणसाने हजर झालं पाहिजे. त्यावर आपली इरा उठली. इरा आयटी पार्कमध्ये काम करते, जन्म इथलाच, मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. ती म्हणाली, “अंकल, वो भागा नहीं है यार, उसने बस शिफ्ट किया है।” साहेबांना ‘यार’ म्हटलं गेलं, हे तिच्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर. साहेब मात्र आठवडाभर खुशीत होते.

मला विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर होते. मार्तंडरावाला जमिनीचा तिटकारा आहे, असं आपण धरून चालतो. मग शिमग्याच्या रात्री तो कासवी किनाऱ्याजवळ का आणतो? झाकण किलकिलं करून गावातले ढोल का ऐकतो? ज्याला घर नको असतं, तो ढोल ऐकायला येईल? आणि तळाशी तो करतो तरी काय? जिथे खडकांवर होड्या फुटतात तिथे पाण्याखाली दिवे लावतो. वरच्या कोळ्यांना पाण्यात उजेड दिसतो, ते होडी वळवतात, वाचतात. दिवा कुणी लावला, हे त्यांना कधीच कळत नाही. शाळेतल्या कवितांच्या चालीवर मी परवा दोन ओळी जुळवल्या, माझ्याच आहेत, तेव्हा दोषही माझाच:

खोल खोल पाण्याखाली कोण ठेवी दिवा,
काठावरच्या माणसाला कसा तो दिसावा?

धर्मा तांडेलाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर तो रागावेल. समीक्षक त्याला विनोदी पात्र म्हणतात. समुद्री शेवाळाच्या भाकऱ्या खाऊन वैतागलेला, उठता बसता ‘माझी तांदळाची भाकरी’ करणारा. पण तोच एक खरं बोलतो. कप्तानाची सगळी आश्चर्यं पाहून झाल्यावर तो म्हणतो, साहेब, बेस आहे, पण मला घरी सोडा. त्याचं घर वर आहे आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे. आपल्यातले कितीतरी जण धर्मा तांडेल आहेत. बदली झाली की सामान बांधतात, आणि गाडीत बसल्यावर पहिला घास कशाचा घ्यायचा ते मनाशी ठरवतात. त्यात कमीपणा काय आहे?

आणि रेवती. माझ्या मते नायिका तीच. ती वाईट मुलगी नाही, हे लक्षात घ्या. काकावर तिचा जीव आहे. जीव नसता तर कोण उतरलं असतं त्या काळोखात? या कादंबरीला खलनायक नाही, हे मला फार उशिरा कळलं. समुद्र खलनायक नाही, कप्तान नाही, घरचेही नाहीत. कादंबरीत अडचण उभी राहते ती मायेमुळे. काकाने कुठे राहायचं हे सगळ्यांनी मायेने ठरवून टाकलेलं असतं आणि त्या बैठकीला काका सोडून सगळे हजर असतात.

कर्नलसाहेब, अशी बैठक आपल्याही ग्रुपवर झाली नाही का? आपण सगळेच होतो हो तिथे. मीही ‘शुभेच्छा’ लिहून हात जोडले होते.

आता वर्गाची पद्धत सांगतो. पुस्तक संपलं की आम्ही एक खुर्ची मधोमध ठेवतो. तिच्यात बसेल त्याने एका पात्राचं नाव घ्यायचं, आणि मग कुणी काहीही विचारलं तरी ‘मी’ म्हणूनच उत्तर द्यायचं. गेल्या शनिवारी विनयाताई मार्तंडराव होऊन बसल्या. अध्यक्षांनी उलटतपासणी घेतली. आपली माणसं वर वाट बघताहेत, तुम्हाला काही वाटत नाही का, वगैरे. ताई म्हणाल्या, “वर माझी काळजी घ्यायला सगळे आहेत. खाली माझी गरज पडणारी माणसं आहेत. म्हातारपणी या दोन्हींतलं काय मागावं, हे मला कुणी विचारलंच नाही.”

आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या. काय सुंदर पात्रविश्लेषण म्हणालो. मंजुषाताईंनी ते वाक्य लिहूनसुद्धा घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी आपण शाल आणायला गेलो. मंडळी, वर्षभर कप्तानाचं मन शोधत होतो आपण. समोर बसलेली बाई स्वतःबद्दल बोलते आहे, हे एकाच्याही ध्यानात येऊ नये?

शंतनू, आता तुझी बाजू, कारण तुझाही वकील मीच. तुझं चुकलेलं नाही. आईचा गुडघा दुखतो, जानेवारीत इथे दुपारीही दिवे लावावे लागतात, आणि खरडहून दवाखाना लांब पडतो. ती एकटी पडली तर कोण उचलणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. इरा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, फ्लॅट तिनेच शोधलाय, किल्लीचा एक जोड तिच्याकडे असेल. उरलेलं अर्धं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुम्हा दोघांत आहे. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी आता भाषण थांबवतो आणि व्यासपीठावरची ही खुर्ची पुढे ओढतो. विनयाताई, बसा. आज कुणाचं नाव घ्यायचं नाही. विनया म्हणूनच बसा. आणि शंतनू, काय विचारायचं ते विचार. हिंदीत विचार, पंजाबीत विचार, तुझी आई आहे ती.

मागे ऐकू जात नसेल, म्हणून मी सांगतो. शंतनू म्हणतोय, त्याला पुस्तक माहीत नाही. तो म्हणतोय, हे शहर त्याचं आहे. त्या क्वार्टरमध्ये तो लहानाचा मोठा झाला, जिन्याच्या कठड्यावरून घसरायला तिथेच शिकला. क्वार्टर गेलं आणि आईही पुण्याला आली, की चंदीगडला यायला त्याच्याकडे कारणच उरत नाही, हे त्याच्या काल रात्री लक्षात आलं.

थांबा, अजून काहीतरी विचारतोय. बोल बाळा, सावकाश.

“मम्मी, खरडच्या फ्लॅटमध्ये मला खोली असेल?”

ताईंनी मान हलवली. ताई, मानेनं नाही, बोला. हा माईक घ्या.

“खोली आहे. पलंग मात्र एकच घेतलाय. तू येतोस की नाही, कळत नव्हतं ना. दुसरा आपण दोघं जाऊन आणू.”

...

टाळ्या नंतर वाजवा. आधी त्याला व्यासपीठाच्या पायऱ्या नीट चढू द्या, त्याला समोरचं दिसत नाहीये. हं. बसा दोघं तिथेच.

मग काय रे, कधी जायचं आणायला? ‘कल सुबह’ म्हणतोय. अध्यक्ष महाराज, निकाल लागला. माझी दोन्ही अशिलं जिंकली, असं या वकिलाच्या आयुष्यात पुन्हा होणे नाही.

सभागृह ज्यांनी मिळवून दिलं, फुलं ज्यांनी आणली, स्वयंपाकघरात सकाळपासून ज्या भगिनी पुरणात हात घालून बसल्या आहेत, त्या सर्वांचे मनापासून आभार. शाल आणि नारळ आणलेच आहेत, ते अध्यक्षांनी ताईंना जरूर द्यावेत. निरोपाचे म्हणून न देता, नव्या घराचे म्हणून द्यावेत. कुणाच्या घरातली गोष्ट मी भर सभेत आणली, वेळेचं भान ठेवलं नाही, कर्नलसाहेबांची चेष्टाही जरा जास्तच झाली. वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं, धाकट्यांनी विसरून जावं.

आणि उद्या सकाळी ज्यांची मोठी गाडी रिकामी असेल, त्यांनी जेवताना शंतनूशेजारी बसावं. पलंग सहा फुटी लागेल. पोरगा उंच झालाय.

धन्यवाद.