पाच इंच माया

पुरवणी जबाब, तारीख ११, सकाळी अकरा वाजता, ठाण्याच्या मागच्या खोलीत लिहून घेतलेला.

मी, वय एक्कावन्न वर्षे, विधवा, धंदा शिवणकाम (तयार कपडे कमी-जास्त करून देणे), राहणार इस्त्रीच्या दुकानावर दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की, त्या दिवशी मी साडेपाचला उठले. बादली भरली. चहा ठेवला. मीठ घालून पाणी उकळले आणि झाकून निवत ठेवले. कापसाचे अठ्ठावीस बोळे वळले, कारण माझ्या दिराच्या दोन्ही पायांत मिळून अठ्ठावीस तारा होत्या आणि प्रत्येक तारेच्या मुळाशी वेगळा बोळा लागायचा. सव्वासहाला त्याला उठवले, अंग पुसून दिले, तारा पुसल्या. मग गळ्यातली टेप काढून दोन्ही पायांचे माप घेतले आणि वहीत लिहिले. डाव्या पायाचा अंगठा वर उचला असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "उचललाय की." अंगठा उचललेला नव्हता.

वर सांगितले ते सगळे झाले ती जागा म्हणजे देखभाल केंद्रातली सहा नंबरची खोली. ऑपरेशननंतर पेशंटना तिथे ठेवतात. केंद्राच्या सुपरवायझरने माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीत दोन गोष्टी आहेत. मी पायावरच्या रिंगांचे नट फिरवण्याचा पाना उचलून नेला, आणि पेशंटला परवानगीशिवाय बाहेर काढले. दोन्ही खऱ्या आहेत. त्या का केल्या ते सांगते.

दिराचे वय चौतीस, चष्म्याच्या दुकानात नोकरी. तोंडावर मी त्याला भावजी आणि तुम्ही असे म्हणते. जबाबात तो असे लिहावे, कारण मी लग्न होऊन आले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ऑपरेशनपूर्वी त्याची उंची पाच फूट दोन इंच होती. दुकानातले वरचे दोन कप्पे गाठायला तो लाकडी स्टूल घ्यायचा आणि बाकीचे ते स्टूल लपवून ठेवायचे. मालक गिऱ्हाइकांसमोर त्याला 'सव्वापाच' अशी हाक मारायचे. मी एकदा त्याबद्दल बोलले, तर तो म्हणाला, "एक इंच वाढवूनच सांगतात, वहिनी. आपलं काय जातंय?"

माझे पती चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची उंची पाच फूट दहा इंच होती. त्यांच्या सात पँट चांगल्या स्थितीत होत्या. त्या मी दिरासाठी कमी केल्या. पायाची लांबी बत्तीस होती, ती सत्तावीसवर आणली. शिवणात जे जादा कापड आत दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. पँटच्या पायाला दीड-दोन इंच माया पुरते. मी पाचही इंच आत ठेवले, काही कापले नाही. त्यामुळे पँटचा घेर खाली जड व्हायचा आणि चालताना आवाज यायचा. तो म्हणाला, "कापून टाक ना, वहिनी. मी काय आता वाढणार आहे?" मी म्हटले, "कात्री बोथट झालीय." कात्रीला त्याच आठवड्यात धार लावून आणली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याने एका रविवारी मशीनवर कागद आणून ठेवले आणि पाय लांब करून घेणार आहे असे सांगितले. कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी शाळेत गेलेली नाही. जुन्या वर्तमानपत्रांवर गिऱ्हाइकांचे साचे कापताना अक्षरे ओळखू लागले, जोडाक्षरे पतीने शिकवली. तेव्हापासून छापलेले काही वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. संमतिपत्र अकरा पानांचे होते. ते मी दोनदा वाचले आणि डॉक्टरांकडे जाताना चौदा प्रश्न लिहून नेले.

डॉक्टर म्हणाले, "एवढे प्रश्न तर पेशंटनेही विचारले नाहीत."

मी म्हटले, "त्याला उंची हवीय, डॉक्टर. मला तो चालता हवाय."

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. गुडघ्याखालचे हाड कापतात. बाहेरून रिंगा बसवतात, त्या तारांनी हाडाला धरलेल्या असतात. रिंगांवरचे नट पान्याने दिवसातून चार वेळा फिरवायचे, दर वेळी पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. तेवढी फट हाड आपोआप भरून काढते. ठरलेली वाढ साठ मिलिमीटर. घाई केली तर हाड भरत नाही आणि शिरा ताणल्या जातात. "पायाचा अंगठा उचलता येईनासा झाला तर तासाभरात मला कळवायचं," असे ते म्हणाले. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. वही ठाण्यात जमा आहे.

दीर घरी येताना म्हणाला, "म्हणजे बघ वहिनी, हाडातसुद्धा माया असते. आत दुमडलेली."

मी म्हटले, "असेल. पण ती उसवायची घाई करायची नाही."

मी नको म्हटले नाही. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हते. रिंगांवरून घालता येईल अशा तीन पँट शिवल्या, बाजूची शिवण पूर्ण उघडी ठेवून चिकटपट्टी लावली. केंद्रातल्या इतर पेशंटनी त्या पाहून मागितल्या, त्यांनाही शिवून दिल्या. काम चांगले झाले होते.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले. आठव्या दिवशी आम्ही केंद्रात आलो आणि त्याच दिवसापासून नट फिरवणे सुरू झाले. दिवसांची मोजणी मी तिथून धरते. पाना सुपरवायझरच्या ट्रेमध्ये असायचा. मी मागितला तेव्हा ते म्हणाले, "ताई, शिवणाची मशीन आहे का ही? आमच्या हातातलं काम आमच्याकडे राहू द्या." भिंतीवरच्या तक्त्यात ते रोजचे आकडे भरायचे. मी माझ्या वहीत भरायचे. दोन रिंगांमधले अंतर टेपने मोजायचे, पहिल्या दिवशीचे त्यातून वजा करायचे. बाराव्या दिवसापर्यंत तक्ता आणि वही यांत फरक नव्हता.

चौदाव्या दिवशी माझे माप तक्त्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त आले. सोळाव्याला दोन. इथे माझी चूक झाली, ती जशीच्या तशी लिहावी. तीस वर्षे मी माप घेते आणि लिहिताना त्यात माया धरूनच आकडा लिहिते. हात तसा बसला आहे. मला वाटले, हातसवयीने मीच जास्त लिहिते आहे. म्हणून सोळाव्या आणि अठराव्या दिवशी मी माझाच आकडा खोडून तक्त्यातला लिहिला. खोडलेले आकडे वहीत दिसतात. सुपरवायझरवर माझा संशय नव्हता, माझ्या हातावर होता.

विसाव्या दिवशी सकाळी, म्हणजे या जबाबाच्या सुरुवातीला जी सकाळ सांगितली तेव्हा, अंगठा उचलला गेला नाही. तक्त्यात वीस होते. टेपवर चोवीस आले. मी दिराच्या पिशवीतून त्याच्या दुकानातली स्टीलची पट्टी काढली, जिने ते दोन डोळ्यांतले अंतर मोजतात. तिच्यावरही चोवीस. मग चौदाव्या दिवसापासूनचे फरक, खोडलेले आकडे धरून, ओळीने वाचले. एक, दोन, तीन, चार. माया एकदा ठरवली की ठरली. ती रोज वाढत नाही.

मी विचारले, "भावजी, दिवसातून किती वेळा फिरवतात?"

"चार."

"माझ्याकडे बघून सांगा."

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "सहा. तू दूध आणायला खाली जातेस तेव्हा एकदा, आणि संध्याकाळी कपडे वाळत घालतेस तेव्हा एकदा. ते म्हणाले, तुमची हाडं तरुण आहेत, दोन आठवडे आधी मोकळे व्हाल. पुढचे पेशंट खोलीसाठी थांबलेत म्हणे."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मला वाटलं, तुलाही तेवढाच त्रास कमी."

"माझं नाव त्यात घालू नका. अंगठ्याला काय होतंय?"

"काही होत नाहीये. तेच होतंय."

दिराने ही गोष्ट माझ्यापासून आठ दिवस लपवली, असे जबाबात लिहावे, हे त्याचे स्वतःचे म्हणणे आहे.

सात वाजता सुपरवायझर ट्रे घेऊन आले. मी ट्रेमधला पाना उचलला आणि टेपच्या पिशवीत टाकला. ते म्हणाले, "ताई, ही चोरी झाली."

मी म्हटले, "मग तक्रार द्या. पोलीस आले की त्यांच्या हातात देईन, तुमच्या नाही."

"ट्रीटमेंट बंद पाडताय तुम्ही. पाय वाकडा झाला तर जबाबदार कोण?"

"सहा वेळा फिरवायचं हे लिहिलेला डॉक्टरांचा कागद दाखवा. लगेच पाना देते."

कागद दाखवला नाही. केंद्राची गाडी मागितली, ती मिळाली नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लगेच घेऊन या. टॅक्सीत रिंगांसकट पाय सरळ ठेवता येत नव्हते. म्हणून सात वाजून वीस मिनिटांनी मी दिराला चाकाच्या खुर्चीत बसवून रस्त्याने ढकलत निघाले. अंतर दोन किलोमीटर. वाटेत चढ एकच आहे, पुलाचा. पुलावर एका भाजीवाल्याने हात लावला. दीर म्हणाला, "वहिनी, मी हलका आहे ते बरं झालं. दादा असता तर तू इथेच बसली असतीस." पूल उतरताना मी खुर्ची मागे ओढून धरली. आठ वाजून पाच मिनिटांनी दवाखान्यात पोचलो.

एक्स-रे काढला. दोन्ही पायांत वाढ चोवीस मिलिमीटर होती. डॉक्टरांनी माझी वही उघडून एक्स-रेच्या शेजारी ठेवली आणि खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवून विचारले, "हे कशाला खोडलंत? हेच बरोबर होते." मी कारण सांगितले. त्यांनी नट थोडे उलटे फिरवले आणि सहा दिवस सगळे थांबवले. पाना मी त्याच दुपारी ठाण्यात आणून दिला. पावती माझ्याकडे आहे. पान्याबद्दलच्या तक्रारीत यापेक्षा वेगळे काही सांगायचे नाही.

सहा दिवस दर दोन तासांनी मी दिराला अंगठा उचलायला सांगत होते. पहिले चार दिवस काही हलले नाही. त्या दिवसांत तो एकदाही विनोद करून बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी काजे करत बसले होते तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, इकडे बघ." अंगठा एका दोऱ्याएवढा वर आला होता. मी दोरा तोडला, सुई रिळात खोचली आणि वेळ लिहून ठेवली. तीन वाजून दहा मिनिटे.

त्यानंतर आम्ही केंद्रात परत गेलो नाही. पाना डॉक्टरांकडून नवीन मिळाला, तो माझ्याकडे राहिला. दिवसातून तीन वेळा मीच फिरवला, घड्याळ बघून. हातात लय बसली की अवघड नाही. पन्नास मिलिमीटरला डॉक्टरांनी थांबायला सांगितले. दीर म्हणाला, "साठ ठरले होते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पन्नासात नीट बसतंय ते साठला ओढलं की उसवतं. गिऱ्हाइकांना मी हेच सांगते." तो म्हणाला, "तुझ्या गिऱ्हाइकांनी कधी ऐकलंय का?" पण ऐकले त्याने.

हाड भरायला आणखी पाच महिने लागले. टाच जमिनीला टेकत नव्हती, त्यासाठी पट्ट्याने पाऊल ओढायचा व्यायाम होता. पट्टा मी पडद्याच्या जाड कापडाचा शिवला. चालणे आधी दोन कुबड्यांवर, मग एका काठीवर झाले.

९ तारखेला रिंगा काढल्या. घरी आल्यावर दीर दारापासून माझ्या मशीनपर्यंत काठीशिवाय सात पावले चालला आणि मशीनला धरून उभा राहिला. मी टेपने उंची घेतली. पाच फूट चार इंच. त्याने विचारले, "माया धरून की सोडून?" मी म्हटले, "सोडून." दुकानात फोन करून तो म्हणाला की सोमवारपासून येतो, आणि स्टूल कोणाला देऊ नका, वरचा कप्पा अजून लांबच आहे.

सुपरवायझरने आणखी कोणाचे नट जास्त फिरवले हे मला माहीत नाही. मी पँट शिवून दिलेल्या पेशंटची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. त्यांना विचारावे.

हा जबाब मला वाचून दाखवत होते, पण मी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. दुसऱ्या पानावर लिहिणाऱ्यांनी 'मायेने आकडा लिहिते' असे लिहिले होते. ते मी खोडून 'माया धरून' असे करून घेतले. दुरुस्तीशेजारी सही केली आहे. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.

ठाण्यातून १० तारखेला बोलावले होते, एक दिवस उशीर का झाला, असे सहीनंतर विचारले, म्हणून हे खाली जोडते. १० तारखेला मी सातही पँटच्या पायाची शिवण उसवली, दोन इंच खाली सोडले, उरलेले तीन इंच आत दुमडून परत शिवले आणि इस्त्री केली.

(सही)

खाली जोडलेला मजकूरही मी वाचला, बरोबर आहे. (सही)