नुसतं किती एवढंच विचारलं होतं

…नाही, मला चिडायचं नाहीये, पण तुम्हीच सांगा, माणसानं एक साधा प्रश्न विचारला तर त्याला एक साधं उत्तर मिळायला नको का? मी काही जगाच्या उत्पत्तीबद्दल विचारत नव्हतो. वजन कमी करायचंय, तर रोज प्रोटीन खायचं किती? किती. एवढंच. त्यावर मला पाच जणांनी पाच उत्तरं दिली, आणि त्या पाचांपैकी एकालाही, तुम्हाला सांगतो, स्वतःचा बूट वाकून बांधता येत नव्हता.

आता वजन कमी करायची हौस मला कुठून आली म्हणाल, तर हौस नव्हती हो. मी लिफ्टचा मेकॅनिक. एकवीस वर्षं झाली. लिफ्ट बंद पडली, आत माणसं अडकली, की आम्ही दोघं जातो, मी आणि पक्कड. पक्कड म्हणजे माझा जोडीदार, एखादी गोष्ट धरली की सोडत नाही म्हणून पक्कड, त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. तर जुन्या इमारतींत लिफ्टचं मशीन असतं वर, गच्चीखालच्या खोलीत, आणि तिथं जायला शिडी, आणि शिडीच्या टोकाला एक चौकोनी भोक. झडप म्हणतो आम्ही. ती झडप केलीय ज्या माणसानं, त्यानं आयुष्यात पोटभर जेवण बघितलेलं नसणार. मी त्या झडपेतून शेकडो वेळा गेलोय. आणि एका मंगळवारी गेलो तो अर्धाच गेलो. वरचा अर्धा मशीनच्या खोलीत, खालचा अर्धा शिडीवर, आणि मधला जो काही होता तो झडपेत. खालून पक्कड माझे पाय ढकलतोय आणि विचारतोय, "श्वास सोडलास का?" म्हटलं, "सोडला." म्हणाला, "अजून सोड." म्हटलं, "आता सोडला तर परत घ्यायला मिळणार नाही."

शहाण्णव किलो भरलो. साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर, चांगला माणूस, पण चांगलं बोलताना कॅलेंडरकडे बघतो. "तीन महिने देतो," म्हणाले, "बारा किलो उतरवा. नाहीतर टेबलावर बसा, तक्रारींचे फोन घ्या." म्हणजे मी बसायचं, आणि पक्कडबरोबर कुणी नवखा जाणार. एकवीस वर्षं ज्याच्या हातात हात देऊन काम केलं, त्याच्या फोनला मी "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणणार. मनाशी ठरवलं, उतरवतो.

कुठंतरी वाचलं होतं, वजन उतरवताना प्रोटीन नीट खावं. बरं, खाऊ. किती?

आमच्या गल्लीच्या तोंडाला व्यायामशाळा आहे, तिथला शिकवणारा, दंड असे की बनियनला कीव यावी. त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, सिंपल आहे, वजनाच्या डबल." म्हटलं, शहाण्णवच्या डबल म्हणजे एकशेब्याण्णव ग्रॅम? म्हणाला, "बरोब्बर." घरी येऊन हिशेब केला, एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे दिवसाला बत्तीस अंडी. बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "मग कोंबड्यांबरोबरच राहायला जा."

मेव्हण्याला विचारलं. मेव्हण्याचं दुकान आहे, डबे विकतो, पावडरीचे, त्यांच्यावर नागव्या पोटाच्या माणसांची चित्रं. तो म्हणाला, "भाऊजी, आकडे कशाला? सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, आणि बाकी खाणं बंद." म्हटलं, "चमच्यात किती असतं?" तर म्हणाला, "भाऊजी, विश्वास ठेवा." अहो, मी विचारलं होतं किती, आणि हा मला विश्वास देतोय. चार दिवस प्यायलो. पोट असं फुगलं की झडप राहू द्या, मी लिफ्टच्या दारातून आडवा जायला लागलो. डबा कपाटावर ठेवून दिला.

थोरल्या बहिणीला फोन केला, ती आधी रडली. "प्रोटीन? अरे, किडन्या जातील. आमच्या इथला एक असाच गेला." म्हटलं, "कशानं गेला?" म्हणाली, "ते माहीत नाही, पण खायचा खूप." शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहतात, ते म्हणाले, आपल्या वयाला अर्धा ग्रॅम पुष्कळ, जास्त खाल्लं की रक्त जड होतं. रक्त जड होतं म्हणजे काय होतं, हे विचारलं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. आणि साहेब, ज्यांनी मला हे सगळं करायला लावलं, ते म्हणाले, "मी तर फक्त काकडी खातो." त्यांचं पोट टेबलाच्या खणात अडकतं, तो भाग वेगळा.

मी विचारलं काय होतं? किती. मिळालं काय? अर्धा ग्रॅम, बत्तीस अंडी, विश्वास आणि काकडी.

मग माणूस काय करतो? जे सगळ्यांत सोपं ते करतो. मी म्हटलं, मरू दे ते प्रोटीन, खाणंच बंद करू. सकाळी काळा चहा. दुपारी काकडी, टोमॅटो. संध्याकाळी भाज्यांचं पाणी, ज्याला ही सूप म्हणायची. आणि वजन उतरायला लागलं हो, धडाधड. तीन महिन्यांत सतरा किलो. एकोणऐंशी. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली. आणि लोक… तुम्हाला सांगतो, आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. मुलगी झाली तेव्हासुद्धा लोक बायकोचंच कौतुक करत होते. आता जो तो थांबवून म्हणतोय, "वा, काय उतरवलंत." मी आरशासमोर उभा राहून गालाची हाडं मोजायचो. जिन्यावर धाप लागायची, पण म्हटलं, हलका झालोय, सवय नाही हलकेपणाची. बाटलीचं झाकण उघडेना, म्हटलं, हल्ली झाकणंच घट्ट करतात. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही खुर्चीतून उठताना हात का टेकता?" मी चिडलो तिच्यावर. बारीक माणसाला कुणी असं विचारतं का?

आणि मग ती दुपार आली.

नऊ मजली जुनी इमारत. वीज जाऊन आलेली, लिफ्ट सातव्या आणि आठव्याच्या मध्ये. आत दोघी. एक नर्स, ड्यूटीवर निघालेली, आणि एक म्हाताऱ्या बाई, निवृत्त शिक्षिका. शिक्षिकाबाईंना श्वासाचा त्रास, आणि औषधाचा पंप घरी. मी शिडी चढलो आणि त्या झडपेतून असा गेलो, असा गेलो, की दोन्ही बाजूंनी हवा खेळत होती. पक्कड खालून म्हणाला, "वा रे पठ्ठे." मला वाटलं, जिंकलो.

आता वर काय करायचं असतं, ते सांगतो. आधी मेन स्विच बंद. मग एकानं दांडा दाबून ब्रेक सोडून धरायचा, आणि दुसऱ्यानं मोठं लोखंडी चाक हातानं फिरवायचं. चाक फिरलं की लिफ्ट बोटाबोटानं सरकते, मजला लागला की दार उघडायचं. चाक नेहमी मी फिरवायचो. पक्कडनं ब्रेक सोडला, म्हणाला, "चल." मी चाकाला हात घातला. आणि चाक हललं नाही.

परत लावला जोर. नाही. पाय भिंतीला टेकवले, दात आवळले, डोळ्यांपुढं काजवे. चाक जिथल्या तिथं. पक्कड म्हणाला, "जाम झालंय का?" मी म्हटलं, "जाम झालंय." तो म्हणाला, "बघू." आम्ही जागा बदलल्या. आणि त्यानं ते चाक फिरवलं. सहज नाही, पण फिरवलं. चाक जाम नव्हतं, तुम्हाला सांगतो.

मग मी ब्रेकचा दांडा धरला, तर माझे दंड थरथरायला लागले. दांडा निसटला, ब्रेक खटकन लागला, लिफ्टला हिसका बसला, आणि खालून नर्सचा आवाज आला, शांत, पण धारदार, "अहो, वरच्यांनो, बाईंचे ओठ निळे पडतायत. जमत नसेल तर कुणाला तरी बोलवा." जमत नसेल तर. एकवीस वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी सगळा देह त्या दांड्यावर टाकला, आणि तो देहच कमी पडत होता, कळतंय का तुम्हाला? जो घालवायला तीन महिने उपाशी राहिलो. आणखी दोनदा निसटला. दहा मिनिटांचं काम, चाळीस मिनिटं लागली. दार उघडलं तेव्हा नर्सनं बाईंना जवळजवळ उचलूनच घरात नेलं. पंप मिळाला, बाई वाचल्या. पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि मला वाटत होतं कुणी बघू नये.

परत येताना गाडी पक्कडनं चालवली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उतरताना फक्त म्हणाला, "तुझ्या मागं मी त्या खोलीत जातो ते तुझ्या हातांच्या भरवशावर." आणि गेला. साहेबांना त्यानं सांगितलं नाही. नर्सनं सांगितलं, आणि बरोबर केलं तिनं. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर. फोन घ्यायला.

कंपनीनंच मला हॉस्पिटलात आहाराच्या बाईंकडे पाठवलं. बाई छोट्याशा, कानाला पेन्सिल खोचलेली. म्हणाल्या, "हात न टेकता खुर्चीतून उठा." उठलो नाही. बसलो परत. हातात एक मूठ दाबायचं यंत्र दिलं, दाबलं, त्यांनी काटा बघितला आणि पेन्सिल हातात घेतली. म्हणाल्या, "सतरा किलो उतरलेत, पण त्यातली चरबी किती आणि स्नायू किती, हे कुणी बघितलं का? नुसतं उपाशी राहिलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. वजनकाट्याला दोन्ही सारखंच दिसतं."

मी म्हटलं, "बाई, मला एकच सांगा. किती?"

आणि त्यांनी सांगितलं. इतकं सरळ सांगितलं की मला रडू येईल असं वाटलं. आधी रक्त तपासलं, किडन्या ठीक आहेत ना बघितलं, त्या बिघडल्या असत्या तर हिशेब वेगळा, म्हणाल्या. मग म्हणाल्या, वजन उतरवताना किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमच्या आसपास. आणि गुणायचं ते आहे त्या वजनाला नाही, असायला हवं त्या वजनाला. "तुमच्या उंचीला सत्तर धरू. रोज शंभरेक ग्रॅम. एकाच वेळी नाही, तीन-चार वेळा वाटून. अंडी, मासे, कोंबडी, डाळी, दही, जे घरात खाता ते. नाही पुरलं तर पावडर चालेल, तेही खाणंच आहे, जादू नाही. आणि जड वस्तू उचलायच्या, आठवड्यातून तीनदा. नुसतं खाऊन स्नायू परत येत नाहीत."

म्हटलं, "एवढंच?" म्हणाल्या, "एवढंच. हे आधी कुणाला विचारलं नाहीत?" मी पाचही जणांची नावं घेतली. त्या ऐकत राहिल्या, आणि मग पेन्सिल परत कानाला लावून म्हणाल्या, "माझी ओपीडी रोज नऊ ते एक असते. फुकट."

सात महिने. शंभर ग्रॅम खाणं म्हणजे गंमत वाटते का तुम्हाला? सकाळी तीन अंडी, आणि वर दही. बायको वाटीवाटीनं मोजायला शिकली. गल्लीतल्या त्याच व्यायामशाळेत गेलो, तो दंडवाला म्हणाला, "मी सांगितलंच होतं." मी लोखंड उचलत राहिलो. वजन दोन किलो वाढलं, एक्क्याऐंशी झालं, आणि गाल भरले, तसं कौतुक बंद झालं. एकेक जण थांबून म्हणायचा, "काय हो, सोडून दिलंत का?" झडपेतून जातो अजून, जरा घासून. एका रविवारी पक्कड घरी आला, हात पुढं केला, मी दाबला. बराच वेळ दाबला. तो म्हणाला, "बास, मोडशील." सोमवारी साहेबांशी त्यानंच बोलणी केली आणि मला परत घेतलं.

वाटलं, संपलं. संपतं कुठलं. मेव्हण्याच्या दुकानाच्या काचेवर दोन माणसांएवढं मोठं पोस्टर लागलं. डावीकडे मी, शहाण्णव किलो, उजवीकडे मी, एकोणऐंशी, गालफडं बसलेली, डोळे खोल. खाली त्याचा डबा. उजवीकडचा फोटो त्यानं घरातल्याच कुठल्याशा कार्यक्रमातला काढला, त्या दुपारच्या आदल्या आठवड्यातला. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट हात, आणि ते त्यानं काचेला चिकटवले. गेलो, म्हटलं, "काढ." म्हणाला, "भाऊजी, विक्री तिप्पट झालीय." बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "भाऊ आहे माझा, जाऊ द्या, फोटो चांगला आलाय."

मागच्या आठवड्यात एक लिफ्ट अडकली, आत एक बाई, वीस मिनिटं. मी चाक फिरवलं, एकट्यानं, पक्कड ब्रेकवर. खाली उतरून दार उघडलं. बाई घामाघूम, रुमालानं तोंड पुसत बाहेर आल्या. माझ्याकडे निरखून बघितलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या दुकानातल्या पोस्टरवरचे ना? काय छान दिसत होता हो तेव्हा. परत सुटलात?"

म्हटलं, हो बाई. सुटलो.