गिळायचं, की थुंकायचं?

नाही, पण मला एक सांगा, माणसाला घरी बोलवायचं, चांगल्या खुर्चीत बसवायचं, हातात पेला द्यायचा, आणि त्याने पहिला घोट घेतला रे घेतला की 'गिळू नका हं!' म्हणून ओरडायचं... ही काय पद्धत झाली? आणि ओरडलं कोण, तर आमचे होणारे व्याही! म्हणजे उलट बोलायची सोय नाही. तोंडात वाइन, समोर व्याही, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक डोळे वटारून बसलेली... मी मनात म्हटलं, अरे देवा, मग आता हे गिळायचं, की थुंकायचं?

थांबा, नीट सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतोय. आमच्या धंद्यात कसं सरळ असतं, अक्षर दिसतं किंवा दिसत नाही, दिसत नसेल तर भिंग बदलायचं, विषय संपला. बायको ग्रंथालयात जुनी फाटकी पुस्तकं बांधते, म्हणजे खळ, दोरा, पुठ्ठा, कापड, दिवसभर मान खाली. घरात बाटली म्हणाल तर खोकल्याच्या औषधाची. अशा आमच्या कोरड्या घरातल्या एकुलत्या एका कन्येनं मुलगा पसंत केला. मुलगा पुलांचा इंजिनिअर, सालस, नाव ठेवायला जागा नाही. 'आणि वडील काय करतात त्याचे?' तर म्हणे, 'वाइन चाखतात.'

'छंद म्हणून?'

'नाही बाबा, नोकरी म्हणून.'

आता बोला! कुठल्याशा ऑस्ट्रेलियातल्या वाइनवाल्याचा माल मागवणारी एक कंपनी आहे, त्याच्या नवीन बाटल्या आल्या की यांनी हुंगायच्या, चाखायच्या, कुठली मागवायची कुठली नाही ते ठरवायचं आणि प्रत्येकीवर चार ओळी लिहायच्या. पगारी! मी इथे उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या, आणि हे गृहस्थ बसून हुंगतात!

तर त्यांचाच निरोप आला. रविवारी सकाळी अकराला या, दोन्ही घरांची ओळख होईल, सोमवारी मला सहा बाटल्यांचा अहवाल द्यायचाय, तर बरोबरच चाखू. सकाळी अकराला! का, तर म्हणे तेव्हा नाक ताजं असतं. निघताना लेकीनं दारात अडवून सूचना दिल्या, 'बाबा, अत्तर लावायचं नाही. घटाघटा प्यायचं नाही. आणि तिथे काहीतरी विचित्र बोलायचं नाही. आई, तूसुद्धा.' आता आईला कशाला सांगायला हवं होतं? ती आठवड्यातून चार वाक्यं बोलते, त्यातली दोन 'दार लावून घ्या' असतात.

गेलो. पांढरं कापड घातलेलं टेबल, आम्ही माणसं सहा, बाटल्या सहा, आणि प्रत्येकापुढे सहा-सहा पेले. छत्तीस पेले! हे धुणार कोण, हा प्रश्न मला हिच्या कपाळावर स्पष्ट दिसला. मधोमध एक स्टीलचं उंच, चकचकीत भांडं. मी आपलं संभाषण सुरू व्हावं म्हणून म्हटलं, 'भांडं सुरेख आहे हो! फुलांसाठी का?'

'थुंकण्यासाठी,' व्याही म्हणाले.

लेकीनं टेबलाखालून पहिली लाथ घातली.

व्याही दिसायला उंच, शांत, प्रत्येक शब्द तोलून वापरणारे. पेला तिरका धरला, उजेडात पाहिला, गोल फिरवला, त्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, 'रिझलिंग. लिंबाची साल... आणि मागे, अगदी हळूच... रॉकेल.'

मी दचकून पेला खालीच ठेवला. आमच्या दुकानाजवळच्या वाण्याकडे तांदळाला रॉकेलचा वास आला तर अख्खी गल्ली भांडायला जाते! पण इथे विहीणबाई कौतुकानं मान डोलवतायत, 'वा, रॉकेल!' मुलगा म्हणतोय, 'सुंदर रॉकेल, बाबा.' म्हणजे ही स्तुती होती! मग मीही घोट घेतला, आणि तेव्हाच ते 'गिळू नका' झालं. तोंड भरलेलं, गाल फुगलेले, आणि नेमकं त्याच क्षणी विहीणबाई मला विचारतायत, 'मग, मुलीचं बालपण कसं होतं?' आता यावर मी काय सांगू? 'म्म्म,' म्हटलं. 'छान! आणि स्वभाव?' 'म्म्म्म.' डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! विहीणबाईंना वाटलं, लेकीच्या आठवणीनं गहिवरलो. त्याही गहिवरल्या. आता चारचौघांत, होणाऱ्या सोयऱ्यांसमोर, गहिवरलेल्या अवस्थेत माणसाने गिळायचं, की थुंकायचं? गिळलं.

दुसरी शार्डोने. लोणी आणि भाजलेला पाव, म्हणे. मी शोधतोय लोणी. तिसरी ग्रेनाश, त्यात लाल फळं. चौथी कॅबर्ने, त्यात निलगिरीचा पाला आणि पेन्सिल तासल्याचा वास. पाचवी शिराझ, त्यात काळी मिरी, चामडं आणि डांबर. डांबर! मी हळूच मुलाकडे पाहिलं, म्हटलं हा पूल-रस्तेवाला, हा तरी आक्षेप घेईल, तर तो म्हणतोय, 'डांबर उत्तम उतरलंय.' बरं, हे सगळं निघालंय कशातून? द्राक्षांतून! तर द्राक्षाचं नाव कोणी काढेना! मी धीर करून म्हटलं, 'मला द्राक्षांचा वास येतोय,' तर सगळे असे गप्प झाले, जसं काही मी कुणाचं खाजगी पत्र मोठ्यानं वाचलं. दुसरी लाथ.

ही मात्र आपली शांत. प्रत्येक पेला नाकाशी न्यायची, क्षणभर थांबायची, परत ठेवायची. एक थेंब प्यायली नाही.

मग आली सहावी. पहिल्या पाच बाटल्यांना पिळायची झाकणं, औषधाला असतात तशी. हिला मात्र बूच! व्याही उभे राहिले. म्हणाले, 'ही त्याच वाइनवाल्याची जुनी शिराझ. आमच्या चिरंजीवांच्या जन्मवर्षाची. कंपनीच्या यादीत ही सगळ्यात वर जाणार आहे, आणि आज या दोन मुलांसाठी म्हणून उघडतोय.' बूच निघालं, पेले भरले. त्यांनी नाक घातलं, डोळे मिटले... 'काळे मनुके. जुनं लाकूड. अप्रतिम.' विहीणबाई म्हणाल्या, 'अप्रतिम.' मुलगा जरा थांबून म्हणाला, 'अं... अप्रतिम.' लेक म्हणाली, 'अप्रतिम.' मी तर आधीच म्हणून मोकळा झालो होतो.

आणि व्याही मोठ्या अदबीनं हिच्याकडे वळले. 'बाई, तुम्ही सकाळपासून काहीच बोलला नाहीत. तुम्हाला कशाचा वास येतोय?'

ही म्हणाली, 'ओल्या पुठ्ठ्याचा.'

आता तुम्हाला सांगतो, मला मनापासून वाटलं, हिनं कौतुक केलं! का वाटू नये? रॉकेल चालतं, डांबर चालतं, चामडं चालतं, मग पुठ्ठ्यानं काय घोडं मारलंय? मी जोरात म्हटलंसुद्धा, 'वा! काय पुठ्ठा आहे!' आणि बघतो तर विहीणबाईंचा हात हवेत थांबलेला, मुलाचं तोंड पांढरं, आणि लेकीनं लाथ मारायचीही सोडून दिलेली. म्हणजे हा दोष होता! रॉकेल गुण आणि पुठ्ठा दोष! हे कुठल्या फळ्यावर लिहिलंय?

मी हिला हळूच म्हटलं, 'अगं, नसेल गं, परत बघ.' तर ही म्हणते, 'परत काय बघायचं? तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा चारशे पुस्तकांच्या बांधण्या मी या हातांनी सोडवल्यात. तोच वास आहे. बाटली खराब झालीय.' आठवड्याची सगळी वाक्यं तिनं तिथेच संपवली!

गांगरून मी सहावा घोट तोंडात घेतला, आणि तो तसाच राहिला. लग्न मोडतंय का राहतंय, माहीत नाही. गिळावं, तर बायकोच्या विरुद्ध मत दिल्यासारखं. थुंकावं, तर व्याह्यांच्या मुलाचं जन्मवर्ष थुंकल्यासारखं! सांगा ना, गिळायचं, की थुंकायचं?

तेवढ्यात मुलगा खाली मान घालून म्हणाला, 'बाबा, त्या बरोबर आहेत. पहिल्या वासालाच कळलं मला. पण तुम्ही अप्रतिम म्हणालात...'

व्याह्यांनी पेला परत नाकाशी नेला. एकदा, दोनदा, तीनदा. मग सावकाश खाली ठेवला आणि खुर्चीत बसले. म्हणाले, 'मला कशाचाच वास येत नाही. अकरा महिने झाले. तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून.'

विहीणबाईंनी हवेतला हात खाली आणला, आणि व्याही पुढे बोलत राहिले.

'जिभेला आंबट, गोड, तुरट कळतं. बाकीचं मी बाटलीबरोबर आलेला कागद वाचून आणि जुन्या आठवणीवर लिहितो. अट्ठावीस वर्षांची आठवण आहे, चालून गेलं. या बाटलीचा कागद मी आज सकाळी पाठ केला होता.'

मला वाटलं आता विहीणबाई रडणार. कसल्या रडतायत! त्या कडाडल्याच, 'म्हणजे दूध करपून घरभर धूर झाला, तेव्हा तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात, ते मुद्दाम नव्हतं?' 'नाही.' 'आणि मी आठ दिवस बोलले नाही तुमच्याशी!' 'हो.' 'आणि तुम्ही मला आठ दिवस बोलू दिलं नाहीत?' आता या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण व्याह्यांना लागला असावा, कारण त्यांनी विहीणबाईंचा हात धरला. मीही त्या गडबडीत सहावा घोट गिळून टाकला. पुठ्ठा तर पुठ्ठा!

मग व्याही म्हणाले, 'उद्या कंपनीत सांगून टाकतो. नोकरी जाईल, जाऊ दे. तुम्हाला हे लग्न नको असेल तर तेही मी समजू शकतो. ज्या घरात अकरा महिने खोटं बोललं जातं...'

'बाबा, तुम्ही लग्नाला नाही म्हणालात तर बघा!' लेक माझ्यावरच ओरडली. मी अवाक्षर काढलं नव्हतं हो!

आणि आमची ही? तिनं बाही सरसावली, तो पुठ्ठा भांड्यात ओतला, पहिला पेला पुढे ओढला आणि म्हणाली, 'तुम्ही जिभेवरचं सांगा, नाकातलं मी सांगते. मला तुमचे शब्द येत नाहीत, मी आपलं माझ्या भाषेत सांगीन.' आणि सुरू झाली की! 'हे कंदील विझवल्यावर येतं तसं. हे नव्या चपलेच्या खोक्यातलं. हे पाटीवर पाणी शिंपडल्यावरचं.' व्याही ताठ बसले, डोळ्यांत चमक, 'पाटी? म्हणजे दगडी! लिही बेटा, लिही!' आणि आमची लेक लिहितेय, जावई पेले पुसतोय, दीड वाजेपर्यंत! जेवायचं कोणी विचारीना!

सोमवारी व्याह्यांनी साहेबाला सगळं खरं सांगितलं. साहेब आधी तापला, मग अहवाल वाचला, मग परत वाचला, आणि म्हणाला, 'ही पाटीवाली कोण?' झालं! लग्नाची तारीख ठरली, व्याह्यांची नोकरी राहिली, आणि आमची ही आता दर बुधवारी ग्रंथालयातून अर्धी रजा काढून तिकडे जाते. हुंगायला! पगारी! आणि मी डबा गरम करून एकटा जेवतो. आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं? गिळायचं की थुंकायचं, ते कोणी सांगतच नाही!

बरं, हेही एक वेळ ठीक. पण परवा दुकानात भिंग घासता घासता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि हातातलं भिंग सुटलं. हिचं नाक जर इतकं तिखट... मग माझं काय? म्हणजे, तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... नऊ वर्षांपूर्वी मी सिगरेट सोडली. घरी. दुकानाच्या मागच्या दारात दुपारची एक चालू आहे. त्यावर दोन पुदिन्याच्या गोळ्या, हात साबणानं दोनदा, सदरा झटकून, वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहून मग घरी. नऊ वर्षं! चोख बंदोबस्त!

संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'अगं, तुला माझा कधी... कसला वास वगैरे येतो का?'

'सिगरेटचा ना? येतो की.'

'कधीपासून?'

'नऊ वर्षं झाली.'

मी खाटेवर बसलोच. म्हटलं, 'मग बोलली का नाहीस? तिथे तर भर टेबलावर, सगळ्यांसमोर, तोंडावर सांगितलंस!'

'तिथे त्यांनी विचारलं होतं. तुम्ही कधी विचारलंत?'

मी मान खाली घालून म्हटलं, 'सोडतो. तुझी शपथ, आजपासून सोडतो.'

तर सदऱ्याची घडी मोडून परत नीट घालत म्हणते, 'सिगरेट राहू द्या हो, तिची सवय झालीय आता. त्या पुदिन्याच्या गोळ्या तेवढ्या बंद करा. मंगळवारी खाल्लेली बुधवारी सगळ्या शिराझला लागते.'

तेव्हा तुम्हाला सांगतो, गोळ्या सोडल्या मी.