अळ्यांची बाटली

बायको गेल्यापासून डोळ्यांच्या थेंबांसाठी मी दवाखान्यात एकटाच येतो. परवा रांगेत माझ्यापुढे सनातू मावशी होती, नदीतल्या अळ्यांची बाटली घेऊन. खिडकीत अळ्या तपासणारा फुसेनी बसला होता.

“मावशी, या अळ्या सडल्यात. बाटलीतलं स्पिरिट कुठे गेलं?”

“ओतून दिलं. दारूचा वास येत होता. नमाजाच्या घरात ठेवू होय? बाटली तीनदा धुऊन नदीचं पाणी भरलं.”

“या अल्ला! अहो, आंधळं करणारी माशी आणि साधी माशी दिसायला सारखीच. फरक अळीच्या लाळेच्या गाठीत कळतो. तिथला गुणसूत्राचा धागा पुन्हा पुन्हा दुप्पट होतो, पण सुटा होत नाही, म्हणून दोरखंडासारखा जाड होतो. त्यावरचे पट्टे मी वाचतो. पाण्यात सगळं कुजलं.”

“मग आता?”

“नव्या अळ्या आणा. आठ दिवस लागतील.”

“माझा नेइंडू सोमवारी बायकापोरं घेऊन नदीकाठच्या जुन्या शेतावर राहायला चाललाय. म्हणतो, तुझ्या चिठ्ठीत वाईट माशी निघाली तरच थांबेन.”

“तुम्ही सांगा ना मुलाला.”

“आईचं ऐकणारा असता तर तुझ्या खिडकीशी आले असते का? तूच लिही, वाईट माशी.”

“न पाहता कसं लिहू, मावशी?”

“त्याच्या बापाला काठीला धरून मी इथेच आणायची. ते डोळे तू पाहिलेस. लिही.”

फुसेनीने कागद ओढला.

“जरा मोठं लिही रे. नेइंडूला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही.”