अमिषाच्या नावाचा धवला

—न्हाय, न्हाय, तुला हे कोणी सांगितलं? आजी बोलली? न्हाय ना? मग! बस आधी, प्राप्ती. दुकानातला फॅन तिकडं वळत न्हाय, तूच सरक जरा. तुझी हळद बुधवारी ना? आलीय पत्रिका— दयाराम ठाकूर, सहकुटुंब. मी लग्नाला येणारच होतो गं. पण तू बोलतेस हळदीतच या, मांडवात उभे राहा, नि सगळ्या बायकांदेखत सांगा, की तुझ्या आजीनं, ठमाबाईनं धवला विकला न्हाय. असं कोण सांगतं का? माईक हातात घेऊन? आख्खा जन्म मी दुसऱ्यांच्या हातात माईक दिले, स्वतः कधी 'हॅलो, माईक टेस्टिंग'च्या पुढं गेलो न्हाय.

आणि लोक काय, बोलतात. उरणमध्ये लोकांना दुसरं काम काय— बरं, बरं, कळतं मला. पन्नास वर्षं धवलारीण हाय तुझी आजी. तिनं धवला गायल्याशिवाय ह्या चार गावांत हळद लागली न्हाय. नारळ-विडा घेऊन तिच्या दारात जायचं, पाया पडायचं, तेव्हा ती लग्नाला देव बोलावणार. आणि आता? तीन वर्षं कोणी गेलं न्हाय. पेनड्राइव्ह लावतात. मला काय सांगतेस, तिथं स्पीकरचे बॉक्स मीच लावतो ना! पाटावर नवरी पूनम, नि धवल्यात नाव येतं अमिषा— माझ्या पोरीचं! मग कोणीतरी ओरडतं, 'आवाज कमी कर, आवाज कमी कर', सगळ्या बायका मिळून 'पूनम' म्हणतात, की परत आवाज मोठा. हसतात सगळे. मी पण हसतो. काय करणार?

नाव कसं आलं म्हणशील, तर तो उरणच्या महोत्सवातला कार्यक्रम. आजी स्टेजवर गायला तयारच नव्हती. बोलली, नवरी न्हाय तर मी कुणाच्या नावानं गाऊ? मग आमची अमिषा बसवली पाटावर, खरी हळद लावली, नि त्या माउलीनं खऱ्या लग्नासारखा गायला गं, एक कडवं गाळलं न्हाय. खुर्च्यांतल्या म्हाताऱ्या रडत होत्या. तर ते रेकॉर्ड झालं. आपोआप— म्हणजे मिक्सर असतो, त्याला एक वायर असते... आपोआप न्हाय. वायर मी लावली.

विकायचं डोक्यात नव्हतं, देवाशप्पथ. पोरीचं नाव हाय, घरात ठेवू म्हटलं. मग आपली ट्रकवाली पोरं मागायला लागली— न्हावा शेव्याला लायनीत उभी असतात तासन्‌तास, आपल्या भाषेतलं काहीतरी ऐकायला पाहिजे की न्हाय? दिलं. मग पनवेलचा मितेश, त्याची ती एवढी काचेची शोरूम, त्यानं पेनड्राइव्ह भरून विकायला डबी छापली, वर आजीचा फोटो, खाली 'ठमाबाईंच्या सौजन्याने'. फोटो... मीच दिला. त्यानं विचारलं होतं बरं का. सरळ माणूस. 'दयारामभाई, बाईची परमिशन छे ने?' मी बोललो, हाय. एवढंच बोललो. नि ती डबी बघून गाव बोलायला लागलं, ठमाबाईनं देव विकले. मी ऐकलं. चहा पीत ऐकलं नि गप बसलो.

अशी बघू नको. आता निघालंच हाय तर सांगतो. गायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं. 'दयाराम, मशीन बंद हाय ना रं?' मी बोललो, बंद हाय, आये. मिक्सरवर लाल दिवा पेटलेला, त्याच्यावर तळहात ठेवून बोललो. ते पण रेकॉर्ड झालंय. विकताना तेवढं कापलं, मूळ पुसलं न्हाय. का, ते विचारू नको. कधी कधी लावतो एकट्यानं. इतका गोड बोललोय गं मी! सख्खा पोरगा बोलणार न्हाय असा. लाज वाटते, बाय. अमिषाचं लगीन ठरलं तर आजीकडं जायला तोंड नव्हतं, नि ते पेनड्राइव्हचं मी लावू दिलं न्हाय. रजिस्टर करून मोकळे झालो. पोरगी बोलली, पप्पा, सगळ्यांच्या लग्नात माझं नाव, नि माझ्याच— जाऊ दे.

हे घे, पेनड्राइव्ह. मूळ ह्याच्यात हाय, माझ्या खोट्यासकट. बुधवारी मोठ्यानं लाव. बायका शिव्या देतील मला, देऊ देत. बॉक्स पाठवतो, दुकानातला साहिल येऊन लावून देईल. मी नको. आजी समोरच बसलेली असणार, तिच्या डोळ्याला डोळा... न्हाय जमणार मला. मशीनच सांगेल की! माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. चल, ऊठ आता, घरी लगीन हाय नि इथं काय बसलीस. जा.

अगं— हे राहिलं. काउंटरवरच राहिलं, प्राप्ती. घेऊन जा ना, बाय. अगं—