न संपणारी बाटली

हॅलो?… हो, औषधांच्या दुकानातच आहे, अजून कुठे असणार? बोल गं… नाही, गर्दी नाही. एक आजोबा वजनकाट्यावर चढलेत, ते उतरेपर्यंत तू सावकाश बोल.

पुन्हा ताप? किती?… आणि कान?… रात्रभर रडली? अगंबाई, माझी चिऊ ती!

हो, हो… अगं ऐक ना… डॉक्टरांना नावं नंतर ठेव. आधी… काय देऊ म्हणतेस? नवऱ्याच्या दाढेच्या वेळच्या कॅप्सूल? अर्धी फोडून, मधातून?… नाही. नाही म्हणजे नाही. चार वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाचं औषध अंदाजानं द्यायचं नसतं, बाई माझे. आणि त्या उरल्याच कशा? ठणका थांबला की कॅप्सूल थांबल्या, होय ना?… वाटलंच. मोठी बहीण औषधं विकते आणि घरात ही तऱ्हा!

अंगावर पुरळ उठलंय का?… ओठ, डोळे सुजलेत?… श्वास नीट?… देवाची कृपा.

डॉक्टरांचं औषध वेळेवर देतेस ना पण?… सासरे देतात? मग प्रश्नच मिटला. कारखान्याचा बॉयलर सांभाळलेला माणूस तो, मिनिट चुकायचं नाही… सहा, दोन, दहा, गजर लावून. बघ!… टोपणानं मोजून, पाच मिली?… हलवून? तेही करतात.

बरं, दुसरी बाटली कधी सुरू केलीत?… केलीच नाही? अगं, साठ मिलीची बाटली, दिवसाला पंधरा मिली. सोमवारी सकाळी सुरू केलीत, म्हणजे काल रात्री संपायला हवी होती. किती उरलंय?…

भरलेली?… म्हणजे पूर्ण?… थट्टा करू नकोस. इतकी बरकत असती तर मी दुकान कशाला चालवलं असतं?

रंग बघ जरा. गुलाबी आहे ना?… पांढुरका? पाण्यासारखा?… सासऱ्यांना विचार. हळू विचार गं, वकिलासारखं नको… थांबते.

काय म्हणाले?… डोस दिला की रेषेपर्यंत पाणी भरून ठेवतात? दर वेळी?…

हसू नकोस. फोनवर हात तरी धर. अगं, बॉयलरच्या काचेतलं पाणी खुणेखाली जाऊ द्यायचं नाही, हेच केलंय त्यांनी जन्मभर. आणि त्यांना सांगितलं कुणी? मीच. पहिली बाटली मी इथे पावडरीत पाणी घालून कालवून दिली, दुसरी त्यांनी घरी कालवायची होती. म्हटलं, 'काका, पाणी रेषेखाली राहायला नको.' 'फक्त सुरुवातीला, एकदाच' हे म्हणायचं राहिलं. पावती फाडली आणि पुढच्या माणसाकडे वळले.

ऐक. त्या बाटलीतलं आता काही देऊ नकोस. चिऊला आत्ताच डॉक्टरांकडे ने. चार दिवस औषध पातळ होत गेलं, हे जसंच्या तसं सांग. पुढे कोणतं औषध, किती दिवस, ते ठरवतील. भरपाई म्हणून दुप्पट डोस द्यायचा नाही… कळलं ना?

काकांना फोन दे… पायरीवर जाऊन बसलेत? मग तिथे नेऊन दे… दे गं.

काका, नमस्कार… नाही, नाही, ऐका ना… तुम्ही कसले गुन्हेगार? मी सांगितलं तेवढं तुम्ही तंतोतंत केलंत. अर्धवट सांगितलं मी… काय? औषधाला पुन्हा हात लावणार नाही? मग कोण देणार? सूनबाई? दहाच्या डोसाला ती घोरत असते, काका!… हां, हसलात.

डॉक्टरांनी परत असलंच औषध दिलं, तर मी कालवून देईन. तुम्ही फक्त मोजून द्यायचं. ते रोज कमी होत जाईल. जीव कासावीस झाला तरी होऊ द्यायचं… हो, तळापर्यंत. ताप उतरला तरीसुद्धा, डॉक्टर सांगतील तितके दिवस.

काय म्हणालात?… डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगणार?… नाही, एकट्यानं नाही. दवाखान्याच्या दारात थांबा, मी दुकानाला कुलूप लावून येतेच. पाण्याचं तुम्ही सांगा, रेषेचं मी सांगते… निघाले. ठेवा फोन.